मामानं काय घालायचं

श्रेयाच्या लग्नाची पत्रिका मोबाइलवर आली. कागदाची छापलीच नव्हती. आमच्या घाटघरात रेंज मिळवायची तर शाळेमागच्या टेकाडावर चढावं लागतं. हे तिथं गेले, पत्रिका वाचली आणि तोंड पाडून खाली आले.

हे म्हणजे आमचे मालक, रामनाथ. श्रेया यांच्या एकुलत्या एका बहिणीची, उज्ज्वलाची, एकुलती एक मुलगी. पुण्यात कॉम्प्युटरवर काम करते. निरगुडसरच्या आदेशशी तिचं जमलं होतं आणि त्यांच्याच आंब्याच्या बागेत, मे महिन्यातल्या संध्याकाळी, साधंसुधं लग्न करायचं ठरलं होतं. पत्रिकेत लिहिलं होतं, आहेर नाही, मानपान नाही, फेटे नाहीत, डीजे नाही. उन्हाचे दिवस आहेत, तेव्हा ज्यात बरं वाटेल ते घाला आणि या.

मला तर वाचून आनंद झाला. मे महिन्यात कोट घालून घामाघूम झालेले, आपल्याच लग्नात बेशुद्ध पडायच्या बेतात आलेले नवरदेव मी पुष्कळ पाहिलेत.

"मग मी काय घालू?" यांनी विचारलं.

"लिवलंय की. ज्यात बरं वाटंल ते."

"तसं न्हाई गं," हे म्हणाले आणि गोठ्याकडं निघून गेले.

माझ्या लक्षात आलं, पण थोडं उशिरा. आमच्याकडं मुलीचं लग्न ठरलं की तिच्या मामाला पोशाख येतो. मुलीच्या आईबापानं तो द्यायचा. पूर्वी धोतर, सदरा, टोपी असायची. आता शर्ट-पँटचं कापड येतं, नाहीतर कुडता येतो. महिनाभर आधी येतो, म्हणजे शिवून घेता येतो. तो अंगावर घालून मामानं नवरीला हात धरून अंतरपाटापाशी आणायचं आणि मंगलाष्टका संपेस्तोवर तिच्या पाठीशी उभं राहायचं. मामानं स्वतःसाठी कापड घ्यायचं नसतं. घेतलं तर लोक म्हणतात, याला बहिणीनं विचारलेलं दिसत नाही.

यांना एकच बहीण आणि तिला एकच मुलगी. म्हणजे मामा म्हणून उभं राहायची वेळ यांच्या आयुष्यात एकदाच येणार होती. ही पोर लहानपणी शाळेला सुट्टी लागली की आमच्याकडं यायची आणि दिवसभर यांच्या खांद्यावर बसून करवंदं खायची. हिरव्या जाळीत हात घालून काटे यांनी खायचे आणि करवंदं तिनं. तिच्या लग्नाची नवरीची पिवळी साडी यांनी जुन्नरला जाऊन निवडून आणली होती. दुकानदाराला अख्खं कपाट रिकामं करायला लावलं होतं. ती साडी श्रेयानं आनंदानं घेतली. "मामाची साडी तर मी नेसणारच," म्हणाली. मग मामाची साडी चालते आणि मामाचा पोशाख चालत नाही, हे कुठलं शहाणपण? पण पोरीला दोष कसा देणार? साडी तिला ठाऊक होती, कारण साडीचं बायका बोलतात. मामाच्या कापडाची गोष्ट तिला कुणी सांगितलीच नसणार.

हे दर दोन दिवसांनी टेकाडावर चढायचे आणि बहिणीला फोन लावायचे. एकदा मीही मागोमाग गेले.

"उज्जे, लग्नात मी काय घालू गं?"

उज्ज्वला वारूळवाडीला राहते. तिचे मालक, आमचे दाजी, शाळेत मास्तर आहेत. लग्नघरात तिची त्रेधातिरपीट चाललेली फोनवरूनही कळत होती.

"दादा, अरे कितींदा विचारशील? काय बी घाल. हाफ पँटवर आलास तरी चालंल, असं श्रेया म्हणती!" आणि ती मोठ्यानं हसली.

हेसुद्धा हसले. फोन ठेवला. मग टेकाडावरच एका दगडावर बसून राहिले. नाणेघाटाकडं जाणारी पोरं-पोरी रस्त्यानं चालली होती, सगळी अर्ध्या चड्डीत. हे त्यांच्याकडं बघत म्हणाले, "हाफ पँटीवर मामा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंडाची तिखट आहे, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. मी फोन हिसकावून घेतला. "थांबा, आत्ता वन्संना इचारते, भावाचा पोशाख कुठं ठिवला म्हणून."

"रत्ना, माझ्या गळ्याची आण हाय तुला," हे म्हणाले. "मागून घेतल्यावर त्यो मान ऱ्हातो का? तिला वाटंल तर दील. न्हाई वाटलं तर आपण पावण्यासारखं जायाचं, जेवायचं आन् यायचं."

आण घातल्यावर माझं तोंड बंद झालं. माझ्या तोंडाला कुलूप म्हणजे काय हाल असतात, ते माझं मला माहीत.

त्यानंतर जुन्नरहून एसटी आली की हे काहीतरी निमित्त काढून फाट्यावर जायचे. कुणाच्या हाती पिशवी पाठवली असेल, अशी आशा. भाताची रोपं टाकायला जमीन भाजायचं काम तसंच पडलं होतं. रिकाम्या हातानं परत आले की म्हणायचे, "ऊन लई हाय आज." मी हो म्हणायचे. पोशाखाचं नाव आम्ही दोघं काढत नव्हतो, आणि घरात दुसरं कसलं बोलणंही होत नव्हतं.

लग्न आठवड्यावर आलं तेव्हा मीच कंबर कसली. जुने सगळे शर्ट कॉलरला विरलेले. यांना ओढतच नारायणगावच्या बाजारात नेलं. दुकानात थंडगार पंखे होते आणि दुकानदार गोड बोलणारा होता.

"या पावणं. काय दाखवू?"

"सुती शर्ट दाखवा. उन्हाळ्यातल्या लग्नात घालायचाय," मी म्हणाले.

त्यानं ढीग मांडला. फिकट गुलाबी, पिस्ता, बारीक चौकटींचा, पानाफुलांचा. म्हणाला, "आता असंच चालतंय. सूटबूट कुणी घालत न्हाई. पातळ कापड, उघडी कॉलर, खाली साधी पँट आन् पायात चप्पल. झालं लग्न." हे प्रत्येक शर्टाला नुसता हात लावायचे आणि बाजूला सारायचे.

"भाऊ, नवरीकडचं का नवऱ्याकडचं?"

"नवरीचा मामा हाय," हे म्हणाले. म्हणताना जरा ताठ झाले, तेही मी पाहिलं.

"आरं मग!" दुकानदार हसला. "मामाला तर कापड बहिणीच्या घरून येतंय की! तुमी कशाला खर्चात पडताय?"

यांनी मान खाली घातली. दुकानदार बिचारा चांगल्या मनानंच बोलला होता. मी पटकन म्हणाले, "ते आलंय हो. लई भारी आलंय. हा नुसता जाता-येता घालायला पायजे." आणि हाताला आला तो निळा शर्ट उचलून बांधायला सांगितला. दुकानाबाहेर आल्यावर हे एवढंच म्हणाले, "खोटं कशाला बोललीस?" आवाज रागाचा नव्हता. मला रडू आलं आणि मी ते उन्हाच्या नावावर खपवलं.

लग्नाच्या दिवशी निरगुडसरला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. बाग खरंच सुरेख होती. झाडांखाली सतरंज्या, खुर्च्या, माठात वाळ्याचं पाणी आणि पन्हं. मांडव म्हणून नुसत्या आंब्याच्या डहाळ्या बांधलेल्या. आदेश पांढऱ्या साध्या कुडत्यात इकडं-तिकडं फिरत स्वतःच लोकांना पाणी देत होता. पोरगा मला आवडला. कुणी लुंगीवर आलं होतं, कुणी टी-शर्टवर, एका म्हाताऱ्यानं तर बंडीवर नुसतं उपरणं घेतलं होतं. कुणाला कसली लाज नव्हती की जाच नव्हता. एवढं मोकळं लग्न मी जन्मात पाहिलं नव्हतं. आणि त्या मोकळेपणात माझा नवरा मात्र शेवटच्या रांगेतल्या खुर्चीत, निळ्या शर्टाच्या घड्या न मोडता, हात मांडीवर ठेवून परक्यासारखा बसला होता.

पुढं दाजी दिसले. दाजी अंगानं चांगले भरलेले. त्यांच्यासाठी उज्ज्वलानं खास शिवून घेतलेला केशरी सुती कुडता त्यांना शोभून दिसत होता. मी तो कुडता बघितला आणि मग यांच्या निळ्या शर्टाकडं बघितलं.

तेवढ्यात उज्ज्वलाच पन्ह्याचे पेले घेऊन आमच्याकडं आली. दमलेली होती, पण चेहरा आनंदानं फुललेला.

"दादा, इथं मागं का बसलास रे? आन् शर्ट किती छान हाय! बघ, उगाच काय घालू, काय घालू करीत व्हतास."

हे म्हणाले, "व्हय. चांगलाय."

बस्स. माझ्या तोंडाचं कुलूप तुटलं.

"छानच असणार. म्या घेतलाय. बाजारातून, पैसे टाकून. वन्सं, आज नवरीच्या मामाच्या अंगावर बायकोनं घेतलेलं कापड हाय! बहिणीच्या घरची साधी टोपी सुदीक न्हाई!"

"रत्ना!" हे ओरडले.

"घातलीत आण, म्हायती हाय. मोडली म्या. महिनाभर हा माणूस एसटीच्या वाटंकडं डोळं लावून बसलाय. मी काय घालू, मी काय घालू म्हणून तुमाला फोनवर इचारत व्हता, ते काय फॅशन इचारत व्हता?"

उज्ज्वलाच्या हातातला ट्रे कलला. पन्हं तिच्या साडीवर सांडलं, तिला कळलंसुद्धा नाही. ती तिथंच खाली सतरंजीवर बसली.

"मला वाटलं, मानपान न्हाई म्हणजे दादाच्या डोक्याचा ताप गेला," ती हळू म्हणाली. "नवऱ्याकडच्यांचा मानपान बंद केला, ते बरंच झालं. पण त्यात माझा भाऊ बी गेला, हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई." मग यांच्याकडं वर बघून म्हणाली, "आरं दादा, माझ्याशी तरी नीट बोलायचंस."

"काय बोलू? मला कापड दे म्हणू?" हे म्हणाले. यांचे डोळे भरले होते आणि हे पन्ह्याच्या पेल्याकडं बघत होते. "उज्जे, कापडाचं काय न्हाई गं. मला वाटलं, आता मामा लागत न्हाई."

तेवढ्यात दाजी लगबगीनं आले. "चला, चला, मुहूर्त झाला. भटजी घाई करतायत."

उज्ज्वला उठली. डोळे पुसले. दाजींना म्हणाली, "कुडता काढा."

"आँ?"

"काढा म्हणते ना. तिकडं मोटारीच्या खोलीमागं चला. दादा, तू बी चल. शर्ट काढ."

दाजींना काही कळेना. मी वाटेत चार वाक्यांत सांगितलं. माणूस शांत स्वभावाचा, पण ऐकून जागीच थांबला. मग विहिरीच्या मोटारीच्या खोलीमागं गेला आणि कुडता डोक्यावरून काढून उभा राहिला. हे मागं मागं सरकत होते. "अवो दाजी, ऱ्हाऊ द्या. लोक बघतील. तुमी मुलीचं बाप हाय."

"बापाला कुणी बघत नाही, रामनाथराव. हात वर करा," दाजी मास्तरी आवाजात म्हणाले. यांनी शर्ट काढून शाळेतल्या पोरासारखे हात वर केले. दाजींनी स्वतः तो कुडता यांच्या अंगात घातला. उज्ज्वलानं बाह्या दुमडल्या, खांद्यावरून हात फिरवून सुरकुत्या काढल्या आणि ती यांच्या पाया पडली. यांनी तिला उठवलं आणि दोघं बहीण-भाऊ तिथं, आंब्याच्या वाळक्या पानांत, एकमेकांना धरून रडले. मी दुसरीकडं पाहिलं. मलाही तेच करायचं होतं, पण दाजींनी यांचा शर्ट चढवला होता आणि त्याची बटणं कुणीतरी लावायला हवी होती. निळा शर्ट पोटावर काही केल्या जमेना. शेवटी माझ्या साडीची पिन काढून लावली. बाकीचं पोट तसंच उघडं राहिलं. दाजी म्हणाले, "ज्यात बरं वाटेल ते घाला, असंच लिहिलंय ना? मला बरं वाटतंय."

श्रेया झाडाखाली वाट बघत उभी होती. यांनी आणलेली पिवळी साडी तिच्या अंगावर अशी खुलली होती की, मी जुन्नरच्या दुकानदाराला मनातल्या मनात दुवा दिला. केशरी कुडता गुडघ्याच्या खाली लोंबतोय, गळ्यातून एक खांदा बाहेर डोकावतोय, बाह्या दुमडूनही बोटांवर येतायत, असा मामा समोरून येताना दिसल्यावर ती तोंडावर हात धरून हसायला लागली.

"मामा, अरे केवढा ढगळ झालाय हा तुला!"

यांनी खाली, कुडत्याकडं एकदा पाहिलं. छाती पुढं काढली.

"माझ्या बहिणीच्या घरचा हाय," हे म्हणाले. "आगदी मापात हाय."

आणि तिचा हात धरून तिला अंतरपाटाकडं घेऊन निघाले.