गौरांगीचे तीन डबे

इंग्लंडमध्ये मी बावीस वर्षं राहिलो आणि बावीस वर्षं तिथल्या खाण्याला नावं ठेवली. पुण्याहून कुणी आमच्या लीड्सच्या घरी येणार असलं, की मी आधी फोन करून भडंग, मेतकूट आणि भाजणी यांची फर्माईश करायचो. "या लोकांनी मसाल्यासाठी अख्खं जग पालथं घातलं आणि घरी आल्यावर तो डब्यात घालून विसरले," हे माझं वाक्य मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात ठरलेलं होतं. मी तोंड उघडायच्या आधीच लोक हसायचे. ते वाक्याला हसत नसून मला हसत होते, हे मला अलीकडे कळलं.

मग आमची केया नोकरीसाठी टोरांटोजवळ मिल्टनला आली, तिथेच तिचं लग्न झालं, नातू झाला आणि आपणही तिकडे जायचं असं आम्ही ठरवलं. आम्ही म्हणजे मी. सुनेत्राचा, माझ्या बायकोचा, लीड्समधून पाय निघत नव्हता. तिथली शाळेची नोकरी, टेकडीवरची बाग, शेजारच्या डोरीनबाई, सगळं तिच्या जिवाभावाचं होतं. "तिथे आहे काय? उकडलेला बटाटा आणि पाऊस," असं म्हणून मी तिला गप्प केलं. विमानात ती डोळे पुसत होती आणि मी तिला कॅनडात फ्रिज केवढाले असतात ते सांगत होतो.

तीन वर्षांपूर्वी मिल्टनला आलो. फ्रिज खरोखरच मोठा मिळाला. सुनेत्रा पहिले दोन महिने उदास होती, मग तिने ड्रायव्हिंग शिकायला घेतलं, लायब्ररीत लहान मुलांना गोष्टी सांगायला जाऊ लागली आणि बघता बघता आमच्या रस्त्यावरच्या निम्म्या घरांत तिचं जाणंयेणं सुरू झालं. माझं मात्र उलट झालं. एका सकाळी त्या मोठ्या फ्रिजचं दार उघडून मी उभा होतो आणि मला कस्टर्ड क्रीम बिस्किटांची आठवण झाली. साधी, स्वस्त, चहात बुडवली की निम्मी तळाशी जाणारी बिस्किटं. फ्रिज पिप पिप करायला लागला, तरी मी दार लावलं नाही. बिस्किटासाठी असा हरवलेला माणूस मी याआधी पाहिला नव्हता.

त्यानंतर रांगच लागली. व्हिनेगरातल्या कांद्याच्या चवीचे कुरकुरे आठवले, ज्यांच्या वासावर मी विनोद केले होते. ते तपकिरी लोणचं आठवलं, जे कैरीचं नाही, लिंबाचं नाही, कशाचं आहे ते इंग्रजांनाही सांगता येत नाही. इथल्या दुकानात इंटरनॅशनल आइलमध्ये यातलं बरंच मिळतं, पण ग्रोसरीला सुनेत्रा गाडी चालवते आणि ट्रॉलीही तीच ढकलते. तिच्या देखत मी ते कुठल्या तोंडाने घेणार होतो? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी हात खिशात घालून तिच्या मागून चालत राहायचो.

आणि सगळ्यात जास्त आठवला तो डोरीनबाईंचा पार्किन.

लीड्सला पहिल्या दिवाळीत सुनेत्राने कुंपणावरून त्यांना फराळाचं ताट दिलं होतं. आमच्यात ताट रिकामं परत देत नाहीत, हेही तिने हसत हसत सांगितलं. डोरीनबाईंना ते इतकं पटलं, की दर वर्षी ताट परत येताना त्यात पार्किन यायला लागला. ओटचं भरड पीठ, आलं आणि काळी काकवी यांचा हा केक त्यांच्याकडे नोव्हेंबरातल्या शेकोटीच्या सणाला करतात. ताजा असताना तो विटेसारखा लागतो, पण डब्यात आठवडाभर मुरला की मऊ आणि चिकट होतो. मुरवायचा केक म्हणजे इंग्रजांचं लोणचंच, अशी मी त्याचीही टिंगल केली होती, दोन घासांच्या मध्ये.

तर यंदा आमचा लीड्सचा मित्र देवेश भाऊबीजेसाठी पंधरा दिवस आधीच मिसिसागाला बहिणीकडे येणार होता. त्याने फोन करून विचारलं, काय आणू? मी रीतसर म्हणालो, अरे, मला काही नको. मग आवाज खाली आणून म्हणालो, सुनेत्राला मात्र फार आठवण येते रे तिकडची, तिच्यासाठी आण थोडंफार. आणि कुठल्याही यादीशिवाय मी भडाभडा सगळं सांगून टाकलं, पार्किनसकट. वर बजावलं, की तिला कळू देऊ नकोस, सरप्राइज आहे.

देवेशने बहिणीच्या ड्राइव्हवेमध्ये माझ्या हाती पिशवी दिली. त्यात डोरीनबाईंचा निळा पत्र्याचा डबा होता. त्या जानेवारीत वृद्धाश्रमात जाणार आहेत, असं त्याने सांगितलं. तिथे खोलीत ओव्हन नाही, त्यामुळे हा शेवटचा पार्किन, नीट मुरू द्या, असा त्यांचा निरोप होता. मी गाडीत बसलो आणि तो डबा मांडीवर धरून केयाचा नवरा गाडी सुरू करेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिलो.

आता हे लपवायचं कुठे? पुड्यांचा आवाज होतो आणि निळा डबा सुनेत्रा झोपेतही ओळखेल. पण आमच्या बेसमेंटमध्ये एका फळीवर गौरांगीचे डबे होते. गौरांगी आमच्यापासून दोन घरं सोडून राहते, हाताला चव आहे आणि मन मोठं, त्यामुळे तिच्याकडून सतत काहीतरी येतं. डबा रिकामा परत देता येत नाही आणि भरून द्यायला सवड होत नाही, म्हणून प्रत्येक मराठी घरात लोकांच्या डब्यांची अशी एक फळी असते. तिकडे वर्षवर्ष कुणी ढुंकून बघत नाही. मी एका डब्यात बिस्किटं ओतली, दुसऱ्यात कुरकुरे आणि तिसऱ्या, हिरव्या झाकणाच्या डब्यात पार्किन ठेवला. निळा डबा गराजमध्ये विंटर टायरच्या मागे सारला. विंटर टायर विंटर आला की बाहेर काढतात, एवढी साधी गोष्ट तीस वर्षं इंजिनियरिंग केलेल्या माणसाला सुचली नाही.

पुढचा आठवडा सुखाचा गेला. जेवण झालं की मी फर्नेसचा आवाज जरा वेगळा येतोय म्हणून बेसमेंटमध्ये जायचो आणि दोन बिस्किटं खाऊन वर यायचो. पार्किनला हात लावला नाही. नुसतं झाकण उघडून वास घ्यायचो. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सगळे केयाकडे जमणार होते. तिथून लवकर परत यायचं, चहा करायचा आणि एकट्याने खायचा, असा बेत होता. साठीला आलेल्या माणसाचे बेत हे असे.

धनत्रयोदशीला नातवाला स्विमिंगहून आणून मी खाली गेलो, तर फळी रिकामी.

वर सुनेत्रा चकल्या तळत होती. मी शक्य तेवढ्या सहज आवाजात विचारलं, खाली काही डबे होते ना? ती झाऱ्यावरून नजर न काढता म्हणाली, गौरांगीचे ना, दिले दुपारी परत, किती दिवस लोकांचे डबे ठेवायचे, आणि भरून दिले. मी म्हणालो, छान केलंस. मग चपला घालून निघालो, कारण फर्नेसबद्दल स्वानंदला, म्हणजे गौरांगीच्या नवऱ्याला, काहीतरी विचारायचं मला अचानक आठवलं होतं.

गौरांगीने हसून दार उघडलं. तिची अवनी सोफ्यावर बसून फोन बघत होती. मी फर्नेसचं नाव काढायच्या आधीच गौरांगी म्हणाली, "नंदनकाका, काकूंना थँक यू सांगा हं. बिस्किट्स इतकी परफेक्ट होती, मी लगेच क्रश करून चीझकेकचा बेस केला. उद्या पॉटलकला नेतेय."

मी मान हलवली. कुरकुऱ्यांचं विचारलं, तर अवनीने मान वर न करता सांगितलं, "ते चिप्स? They smelled like feet, uncle. No offence."

हेच वाक्य मी लीड्समध्ये मराठीतून म्हटलेलं होतं, त्यामुळे राग तरी कसा धरणार? आता उरला होता हिरव्या झाकणाचा डबा. तो ओट्यावरच होता. मी जवळजवळ झडप घालूनच झाकण उघडलं. आत चकल्या होत्या, सुनेत्राच्या, मोजून रचलेल्या. यात केक होता ना, असं मी विचारलं. कुठला केक, असं गौरांगीने विचारलं. मी म्हणालो, नाही, सहज. निघताना तिने रिकाम्या हाताने सोडलं नाही. शंकरपाळ्यांनी भरलेला एक नवा डबा माझ्या हाती दिला. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती आलं धुपाटणं, आणि ते धुपाटणंही परत भरून द्यायचं होतं.

रस्त्यात मी विचार केला. चकल्या भरायच्या तर पार्किन आधी काढला असणार. काळा, चिकट, अनोळखी तुकडा कुणी कशाला ठेवेल? टाकला असणार. डोरीनबाईंचे हात आता थरथरतात. त्या हातांनी त्यांनी तो घोटला होता, समुद्रापलीकडे पाठवला होता आणि मी तो खरं बोलायची लाज वाटते म्हणून दुसऱ्याच्या डब्यात कोंबला होता. गराजमध्ये जाऊन मी कंपोस्टच्या हिरव्या बिनमध्ये कोपरापर्यंत हात घातला. बटाट्याची सालं निघाली, चहाचा चोथा निघाला, केळं निघालं.

तेवढ्यात दिवा लागला. दारात सुनेत्रा होती.

"अहो, काय शोधताय?"

"चमचा," मी म्हणालो. "म्हटलं, चुकून गेला असेल."

तिने माझ्या हाताकडे पाहिलं. मग भिंतीकडे पाहिलं. विंटर टायर बाहेर काढून ठेवलेले होते, उद्या सकाळी ती बदलून आणणार होती, आणि टायर होते त्या जागी काहीच नव्हतं. "हात धुऊन या," ती म्हणाली. "चहा टाकलाय."

टेबलावर निळा डबा होता. शेजारी एका बशीत पार्किनची जाड वडी, वरून चकाकणारी, पुरती मुरलेली. बशी एकच होती आणि ती माझ्या खुर्चीसमोर होती. सुनेत्रा समोर बसली. डोरीनबाईंशी ती दर रविवारी बोलते, हे मला माहीत होतं, पण त्या दोघी काय बोलतात हे मी कधी विचारलं नव्हतं. देवेशने डोरीनबाईंना सांगितलं होतं, की सुनेत्राला पार्किनची फार आठवण येते. ते सुनेत्राला सांगताना त्या फोनवर इतक्या हसल्या, की त्यांना पाणी प्यावं लागलं.

"मला पार्किन आवडत नाही," सुनेत्रा म्हणाली. "कधीच आवडला नाही. डोरीनला हे पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. तरी ती करायची, कारण तुम्ही नावं ठेवत ठेवत सगळा संपवता हेही तिला ठाऊक होतं. माझा वाटा दर वर्षी तुमच्या बशीत यायचा. तुम्हाला काय वाटायचं?"

मला वाटायचं, ती माझ्यासाठी त्याग करते. हे मी बोललो नाही. माझ्या आयुष्यात मी जे थोडे शहाणपणाचे निर्णय घेतले त्यात हा एक.

"आठवण कुणाला येते हो?" तिने विचारलं.

मी वडीचा तुकडा तोंडात घातला. आलं घशाला लागलं, काकवी दाताला चिकटली, आणि मला आमचं कुंपण दिसलं, त्यावरून ताट घेणाऱ्या डोरीनबाई दिसल्या. डोळ्यांतून पाणी आलं ते आल्यामुळे, असं म्हणायची सोय होती.

"मला येते," मी म्हणालो. "मला इथे करमत नाही, सुनेत्रा."

"मला करमतं," ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हेच जास्त लागलं. तिला रडत रडत आणणारा मी आणि इथे रुजलेली ती. लीड्सला मी माझं रडगाणं तिच्या नावावर खपवलं होतं आणि ती इथे टायर बदलायची अपॉइंटमेंट घेत होती. तिने माझ्या बशीत आणखी एक वडी ठेवली आणि म्हणाली, की करमत नाही हे सांगायला तीन वर्षं आणि तीन डबे लागायला नको होते. मग उरलेला पार्किन दुसऱ्या डब्यात काढून, निळा डबा धुऊन, पुसून तिने माझ्यासमोर आणला आणि त्याच्या शेजारी चकलीचा सोऱ्या ठेवला. डोरीनचा डबा रिकामा जाणार नाही, पण या वेळी तो मी भरणार नाही, एवढं सांगून ती दिवे लावायला गेली.

चकली ही गोष्ट मी आजवर फक्त खाण्याच्या बाजूने पाहिली होती. माझ्या काही तेलात सुटल्या, काहींचं तोंड शेपटीला भेटलं नाही. तरी डबा भरला, आणि केयाच्या नवऱ्याने भाऊबीजेला तो देवेशकडे पोचवला.

देवेशने विमानतळावरून फोन केला. डबा केबिन बॅगेत घेतलाय, वहिनींचा म्हणून डोरीनला देतो, असं म्हणाला. आणि पुढच्या खेपेला वहिनींसाठी काय आणू, तेही विचारलं.

"वहिनींना काही नको," मी म्हणालो. "त्या इथे मजेत आहेत. मला आण. कस्टर्ड क्रीम आण, कुरकुरे आण, ते लोणचं आण. आणि डोरीनबाईंना सांग, चकल्या नंदनने केल्यात, म्हणून मोडल्यात."

आतून सुनेत्राचा आवाज आला, "आणि यांना करमत नाही, तेही सांगा म्हणावं."

मी ते सांगितलं. पण तिकडे कुठल्यातरी फ्लाइटची अनाउन्समेंट चालू होती आणि देवेशला काही ऐकू आलं नाही, म्हणून मला ते पुन्हा एकदा, मोठ्याने सांगावं लागलं.