स्टँडवरची अदलाबदल

"भांडणं सोडवाची नोकरी राहते काय वं?" उन्नतीची आत्या प्रयागबाई चारचौघांत हसून विचारायची, आणि उन्नती ओशाळून जायची. म्हणून धंतोलीतल्या ऑटो स्टँडचा वाद तिला काही करून मिटवायचाच होता. महापालिकेची मध्यस्थ म्हणून तिने एकटीने हाताळायचं हे पहिलंच काम. आज जमलं नाही तर महापालिका स्टँड उठवणार आणि उन्नतीलाही रामराम ठोकणार.

एका बाजूला वसंतराव, गल्लीतले निवृत्त वकील. दवाखान्यासमोरचे ऑटो त्यांना आपल्या फाटकाजवळ नको होते. दुसऱ्या बाजूला ऑटोवाल्यांचा म्होरक्या शालिकराम. आधीच्या दोन्ही बैठकांत दोघांनी तेच ते दळण दळलं होतं. चहा तेवढा संपला.

आज उन्नतीने वेगळीच टूम काढली. वसंतरावांनी ऑटोवाल्यांची बाजू मांडायची, शालिकरामभाऊंनी रहिवाशांची. बघू कोणाला जमतं, असंही ती मुद्दाम वसंतरावांकडे बघत म्हणाली.

झालं! वसंतरावांच्या अंगात जुना वकील शिरला. गोंदियाहून आलेल्या पेशंटने भर उन्हात ऑटो शोधत कुठे भटकायचं, असं त्यांनी इतक्या कळवळ्याने विचारलं की खुद्द ऑटोवाले हळहळले. शालिकरामही काही कमी नव्हता. रात्रंदिवस हॉर्न, फाटकाशी खर्रा खाऊन पिचकाऱ्या, म्हाताऱ्या माणसाने झोपावं कधी, असं म्हणत त्याने आपल्याच लोकांची बिनपाण्याने केली.

वसंतराव आठ ऑटोंसाठी अडून बसले. शालिकराम चारच्या वर जाईना. ताणून ताणून शेवटी सहावर पटलं. हॉर्न बंद, थुंकणं बंद, स्टँड तिथेच. टाळ्या पडल्या आणि महापालिकेच्या साहेबांनी लगेच मसुदा लिहून पुढे सरकवला.

तेव्हा कुठे वसंतरावांना उमगलं, की हे सहा ऑटो आता त्यांच्याच फाटकाशी उभे राहणार. हातातलं पेन थबकलं.

"वकीलसाहेब, माघार घ्याची असन तं घ्या," शालिकराम गालात हसत म्हणाला. "मंग मी जिंकलो म्हणीन."

वसंतरावांनी खसकन सही केली. उन्नतीला तिथल्या तिथे उड्या माराव्याशा वाटल्या.

निघताना वसंतरावांनी तिला बाजूला घेतलं. "पुन्हा कधी बैठक बसली, तरी मी ऑटोवाल्यांकडूनच बोलणार," ते गंभीरपणे म्हणाले. "त्या शालिकरामला त्यांची बाजू मांडताच येत नाही."