उंबऱ्याशी अडलेला पांगुळगाडा

मी पांगुळगाडा बोलतोय. तीन लाकडी चाकं आणि धरायला एक आडवी दांडी, एवढाच माझा देह. मी मुलांना चालायला शिकवतो, असं लोक म्हणतात. खरं तर मी नुसता पुढे पळतो आणि मुलं माझ्यामागे येतात. तेव्हा यात माझं कर्तृत्व किती, याची मला आजही शंका आहे.

माझा जन्म हडपसरचा, ते गाव होतं तेव्हाचा. सोजरबाईंच्या थोरल्या मुलासाठी, हिंदुरावसाठी, सुताराने मला बाभळीतून घडवलं. तो पळायला लागला आणि मी माळ्यावर गेलो. मधल्या काळात शेतांवर इमारती आल्या. हिंदुराव प्राध्यापक झाला. म्हणजे झाले, असं म्हणायला हवं. निवृत्तही झाले. नात झाली, तेजस्विनी, तेव्हा त्यांनी मला खाली काढलं, तेलपाणी केलं आणि आपल्या फ्लॅटवर आणलं.

तेजूने मान वेळेत धरली. पालथी पडली तेव्हा आजोबांनी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या, की ती दचकून पुन्हा उताणी झाली. बसायलाही लागली. पण पुढे रांगेना. एक पाय दुमडायची, दुसऱ्याने रेटा द्यायची आणि बसल्या बसल्या ढुंगणावर घरभर सरकायची. वेग असा, की समोरच्याने पाय उचलून घ्यावेत.

हिंदुरावांची झोप उडाली. पायांत दोष तर नसेल? डॉक्टरांनी नीट तपासलं. "पाय उत्तम आहेत. काही मुलं रांगतच नाहीत, अशीच सरकतात." हिंदुराव दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनीही तेच सांगितलं, तेव्हा यांना वाटलं, दोघे एकमेकांना सामील आहेत.

त्यात घराची रीत अशी, की मुलाने उंबरा ओलांडला की पेढे वाटायचे. फ्लॅटला उंबराच नव्हता. हिंदुरावांनी खोलीच्या दारात मुद्दाम सागवानी उंबरा बसवून घेतला. तेव्हापासून घरातले सगळे त्याला ठेचकाळतात. तेजू तेवढी तिथवर यायची, त्याच्याकडे बघायची आणि सरकत माघारी जायची.

मला हसू आवरत नव्हतं. त्या फ्लॅटमध्ये कुणालाच ठाऊक नसलेली एक गोष्ट मला ठाऊक होती. पण लाकडाला विचारतो कोण?

पहिल्या वाढदिवसाला धाकट्या मुलाकडून सोजरबाई आल्या. हिंदुरावांनी शेवटचा उपाय काढला. स्वतः गुडघ्यांवर उतरले. "तेजू, बघ हं, असं रांगायचं," म्हणत उंबरा ओलांडून पलीकडे गेले.

"बाबा, पाठ धरेल," सूनबाई निशा म्हणाली.

"धरू दे. पोरीला कळलं पाहिजे."

सोजरबाई पदराआड हसत होत्या. "आरं बाळा, ल्हानपणी जमलं न्हाई, ते आत्ता करतोस व्हय?"

"म्हणजे?"

"तू कवा रांगलास? असाच ढुंगण घासत फिरायचास. चड्ड्यांना ठिगळं लावून माजी बोटं झिजली. नात आन् कुणावर जायची?"

हिंदुराव तसेच ओणवे थिजले. "आई, हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू इचारलंस कुठं? तू डाक्टरास्नी इचारत हुतास."

हिंदुरावांचा चष्मा नाकावरून घसरून दोरीला लोंबत होता. तेजूला तो दिसला. ती माझी दांडी धरून उभी राहिली आणि मला ढकलत निघाली. उंबऱ्याशी माझी चाकं अडली. तिने दांडी सोडली, चष्म्याकडे झेपावली, एक पाय पलीकडे टाकला आणि धपकन उंबऱ्यावरच बसली. चष्मा थेट तोंडात!

"ओलांडला का?" हिंदुरावांनी ओणव्यानेच विचारलं.

"तिनं अर्धा. तू मातर अख्खा. वाट पेढे!"

निशा शेजारी पेढे घेऊन गेली. "कशाचे हो?" शेजाऱ्यांनी विचारलं.

"आमचे बाबा रांगायला लागले."

आता तेजू मला सोडून इकडेतिकडे पावलं टाकते. मी उंबऱ्याच्या अलीकडे उभा असतो. लवकरच पुन्हा माळ्यावर जाईन. एवढंच सांगतो, उद्या तेजूच्या नातवाची चड्डी मागून झिजायला लागली, तर डॉक्टरांकडे जरूर जा. पण जाता जाता माळ्यावरही एकदा नजर टाका.