सोळाव्या पानावरची सही

तपासनिसाने बोटाला थुंकी लावून वार्षिक अहवालाचं पान उलटलं. सभागृहात टाळ्या चालल्या होत्या. वीज कंपनीला एवढा नफा आजवर कधी झाला नव्हता, आणि तो कसा झाला हे व्यासपीठावरून मुख्य हिशेबनीस, म्हणजे तपासनिसाचा सख्खा मेहुणा, रंगवून सांगत होता.

तपासनीस आपले खांब शोधत होता. वर्षभर हातोडी घेऊन त्याने विजेचे लाकडी खांब ठोकून पाहिले होते. बुडाशी पोकळ वाजला की नंबर वहीत. असे दोनशे चौदा निघाले होते, आणि ते यंदा बदलले जायचे होते.

सोळाव्या पानावर एकच ओळ होती. 'पाहणीत सर्व खांब सुस्थितीत आढळल्याने बदलाचा खर्च वाचला.' शेजारी त्याच्या पाहणीच्या दाखल्याचा फोटो, खाली त्याची सही.

सही खरी होती, हेच तर दुखणं होतं. तो सदा फिरतीवर, म्हणून मेहुणा दरवर्षी घरी येऊन कोरा दाखला पुढे ठेवायचा. "दाजी, सही ठोकून द्या. तुमची यादी आली की मी जोडतो." अकरा वर्षं त्याने ती इमानाने जोडलीही. घरच्या माणसाचं काय वाचून बघायचं? केसाने गळा कापतात तो असा.

चहाच्या सुट्टीत त्याने मेहुण्याला जिन्यात गाठलं.

"माझी यादी कुठंय?"

"आहे हो कपाटात. एका वर्षाचा तर प्रश्न आहे, दाजी. पुढच्या वर्षी सगळे बदलू."

"आणि यंदा कुणी चढला तर?"

मेहुण्याने कपातला चहा ढवळला. "बोललात तर नोकरी तुमची जाईल. सही तुमची आहे. ताईला काय सांगाल?"

याच पोराला त्याने सायकल शिकवली होती, मागून सीट धरून, गल्लीभर धावत. तपासनीस जिना उतरून फाटकाकडे निघाला.

फाटकापाशी, सगळे ज्याला लांब्या म्हणत तो लाइनमन, काखेत अहवाल धरून कमरेचा पट्टा आवळत होता.

"साहेब, सगळे खांब ठणठणीत म्हणे! वाचलं मी. गिरणीजवळच्या त्या खांबाची मला जाम भीती वाटायची. आता बिनघोर चढतो. तार सुटलीय तिथली."

"थांब. पट्टा सोड."

"का हो?"

"तुझा अहवाल दे."

तपासनिसाने सोळावं पान काढलं आणि छापलेल्या ओळीखाली लिहिलं, 'हे खोटं आहे. दोनशे चौदा खांब पोकळ आहेत. कोणीही चढू नये. मी कोऱ्या कागदावर सही केली होती.'

"दाजी!" जिन्यातून हाक आली. "दाजी, जरा ऐका!"

त्याने मान वर केली नाही. लिहिलेलं पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचलं, आणि मग सही केली.