धक्क्यावर हात वर करायचा नाही

पाऊस आडवा येत होता. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांपैकी या टोकाच्या बेटावर तो वरून पडताना फारसा कुणी पाहिलेलाच नव्हता. तिसरा आठवडा चालू होता. परवा वाऱ्याने ओलुवाचं खुराडं समुद्रात नेलं, कोंबड्यांसकट.

ती धक्क्यावर उभी होती. धक्का म्हणजे काय, खडकात खोदलेल्या चार पायऱ्या. बोट इथे टेकत नाही. लाट तिला उचलून जवळ आणते, तेवढ्यात माणसाने उडी मारायची. कधी, ते चाळीस वर्षं तिचा नवरा हेदिन ठरवत आला होता. मोठ्या लाटा मोजायच्या, उसंत मिळाली की हात वर. हात वर, की उडी. म्हणून बोट दिसतेय तोवर इथे निरोपाचा हातही कुणी हलवत नाही. एकदा कुणीतरी हलवला, तेव्हा परत निघालेली बोट पुन्हा खडकाशी आली होती, आणि दोघं गेले.

आज बोटीत त्यांची मुलगी रान्वा होती, छातीशी चार महिन्यांचं बाळ बांधून. उद्या ती नवऱ्याकडे ग्रीनलंडला निघणार होती, कायमची. बाळाला आजीआजोबांनी अजून पाहिलं नव्हतं.

"पाच," हेदिन म्हणाला. "उसंतच नाही."

"मोजायला चुकत असशील. म्हातारा झालास."

"मग तू मोज."

तिने मोजल्या. आठवीने वरची पायरी धुतली.

"माझ्या आईला याहून वाईट दिवशी उतरवलं होतंस."

"ती मला कुठे आवडायची?"

ओलुवाला हसू आलं, आणि हसल्याचा रागही आला. "एकदा, हेदिन. पोर लहानपणापासून उड्या मारतेय."

"हात वर केला तर मारेलच. तेच तर." त्याने दोन्ही हात खिशात खोल घातले.

बोटीने चार फेऱ्या मारल्या. रान्वाने बाळाचं तोंड इकडे वळवून धरलं. ओलुवाला दिसली फक्त लाल टोपी. मग भोंगा वाजला, बोट फिरली. मागे उभी राहून रान्वा हात हलवत होती, अख्खा हात, खांद्यापासून.

ओलुवाचा उजवा हात उठायला लागला. तिने तो डाव्या हाताने पकडला आणि शालीखाली दाबून धरला.

बोट कड्याआड गेली.

"आता हलव," हेदिन म्हणाला.

"कुणाला?"