आवाज काढून दाखवा

मिस्त्रींच्या गॅरेजचा एक नियम होता. गिऱ्हाइकाने गाडीचा आवाज आधी तोंडाने काढून दाखवायचा, मगच मिस्त्री बॉनेट उघडणार. भली भली माणसं तिथे गाल फुगवून ‘भुर्रर्र’ करायची, जीभ टाळ्याला लावून ‘टक् टक्’ करायची. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी तर एकदा भर दुपारी, पर्स काखेत दाबून, इंजिनाचा सैल झालेला पट्टा असा काही किंचाळून दाखवला की समोरच्या दुकानातली माणसं काय झालं म्हणून धावत आली. गंमत म्हणजे मिस्त्रींचं निदान सहसा चुकायचं नाही. लोकांनी या नियमाला म्हातारपणाची लहर म्हटलं, पोटभर हसून घेतलं आणि घरी आरशासमोर सराव करून यायला लागले.

हसायची नाही ती एकटी मिस्त्रींची बायको. गॅरेजच्या दाराशी सुट्या भागांचं काउंटर होतं, ते ती सांभाळायची, म्हणून सगळे तिला मिस्त्रीणबाई म्हणायचे. नवऱ्याचा हा खेळ बघितला की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. का नाही होणार? परक्या माणसाने ‘खुळखुळ’ केलं तर हे गृहस्थ त्याच्या तोंडाशी जाऊन जिवाचा कान करून ऐकणार. आणि घरात बायको घसा कोरडा करून सांगतेय, तर लक्षच नाही! गेली दीड-दोन वर्षं हेच चाललं होतं. ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, टाकी भरून वाहतेय," तर पेपरमागून उत्तर यायचं, "चांगलं आहे." ती म्हणायची, "माझी पाठ धरलीय," तर, "हो हो, चांगलं आहे." आता पाठ धरण्यात मेलं चांगलं काय आहे?

आधी ती भांडली. मग रुसली. मग तिने बोलणंच कमी केलं, तर तेही कुणाच्या लक्षात आल्यासारखं दिसेना. तेव्हा मात्र तिला फार लागलं. माणसाला आपला कंटाळा आलाय, तर कशाला उगाच चिकटून राहायचं, असं तिने मनाशी धरलं. लेक कधीची बोलावत होती. जायचं तिच्याकडे, आणि परत यायचं नाव काढायचं नाही. रविवारी तिने स्टुलावर चढून कपाटावरची बॅग खाली काढली, कपडे भरले आणि चेन लावता लावता थोडी रडलीसुद्धा. मिस्त्री बाहेरच्या खोलीत बसले होते. ते उठून आत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजमध्ये सुताराची पिकअप आली. सुतार हा मिस्त्रींचा जुना दोस्त, आणि पिकअप त्या दोस्तीइतकीच जुनी. अर्ध्या गावाची दारं-खिडक्या तिने वाहिली होती. मिस्त्रींच्या लेकीचा पाळणाही तिच्यातूनच आला होता. रंग उडाला होता, एक आरसा दोरीने बांधलेला होता, पण सुतार तिला ‘आमची राणी’ म्हणायचा, आणि ते म्हणताना त्याला जराही लाज वाटायची नाही.

आज मात्र त्याचं तोंड उतरलं होतं. इंजिन चालू ठेवूनच तो खाली उतरला.

"मिस्त्री, राणी खडखडायला लागली रे. पोरं म्हणतात, भंगारात घाला आता. मी म्हटलं, मिस्त्री सांगेल ते करू. तू म्हणालास गेली, तर आज इथूनच सरळ भंगारवाल्याकडे नेतो. दोनदा निरोप घेणं मला जमायचं नाही."

मिस्त्री त्याच्या अगदी जवळ गेले. "आवाज काढून दाखव."

आता पंचाईत अशी, की सुताराने गेल्याच आठवड्यात कवळी बसवली होती. ती अजून तोंडात नीट बसायची नाही, म्हणून ती निसटू नये या धास्तीने तो ओठ मिटूनच बोलायचा. त्याने ओठ मिटले आणि छातीतून आवाज काढला, "ढुब्. ढुब्. ढुब्."

मिस्त्रींचा चेहरा पडला. त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, एक टोक इंजिनाला टेकवलं, दुसरं कानाला लावलं, डोळे मिटले आणि मान हलवली. मग स्क्रूड्रायव्हर पुसत पुसत म्हणाले, "खालून येतोय, सुतार. आतलं बेअरिंग गेलं. इंजिन पूर्ण उघडावं लागेल, आणि इतक्या जुन्या गाडीचे भाग आता मिळत नाहीत. पोरं बरोबर म्हणतात."

 सुताराने पिकअपच्या दारावर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते.

काउंटरवर मिस्त्रीणबाई मात्र चक्रावून गेली. इंजिन सगळ्यांच्या समोर धडधडीत चालू होतं, आणि त्यातून येणारा आवाज काही ‘ढुब् ढुब्’ नव्हता. उकळत्या पातेल्यावरचं झाकण थरथरावं तसा बारीक, पत्र्याचा, ‘खिर्रर्र’ असा आवाज होता. तिला एवढ्या लांबून ऐकू येतोय, आणि हे इंजिनावर ओणवे होऊन सुताराच्या कवळीवर विश्वास ठेवतायत?

आणि मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

ती काउंटरमागून उठली आणि मिस्त्रींच्या पाठीशी जाऊन उभी राहिली. नेहमीच्या आवाजात म्हणाली, "अहो, तुमचा शर्ट उलटा आहे."

मिस्त्री स्क्रूड्रायव्हर पुसत राहिले.

"अहो, मी बेकरीवाल्याबरोबर पळून चाललेय."

"वहिनी!" सुतार दचकला, आणि त्याची कवळी निसटून त्याच्या हातात आली. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर नीट खणात ठेवला.

मिस्त्रीणबाईला हसू फुटलं, पण ते अर्ध्यातच अडकलं. ती हळू म्हणाली, "अहो, मी बॅग भरलीय. लेकीकडे जातेय, कायमची." सुतार कवळी हातात धरून तिच्याकडे बघतच राहिला. ज्याला सांगायचं होतं त्याची पाठ तशीच होती.

देवा रे, किती भांडले मी या माणसाशी! तिचा सगळा राग क्षणात कुठल्या कुठे गेला, आणि त्या जागी इतकी माया दाटून आली की तिला काय करावं सुचेना. मग तिला सुचलं. तिने मिस्त्रींचा दंड धरून त्यांना आपल्याकडे वळवलं, दोन्ही हातांची ओंजळ त्यांच्या उजव्या कानाला लावली आणि भर गॅरेजमध्ये आवाज काढला, "खिर्रर्रर्र!"

मिस्त्री एकदम ताठ झाले. आधी ते घाबरले. त्यांची चोरी पकडली गेली हे त्यांना कळलं. पण मिस्त्री तो मिस्त्रीच. दुसऱ्याच क्षणी त्यांचे डोळे चमकले.

"असा आहे? बारीक? पत्र्याचा?"

तिने जोरजोरात मान हलवली.

"सुतार, रेस दे! अगं, आता आवाज वाढतो की जातो?"

तिने इंजिनाशी कान नेला, मग परत येऊन ओंजळ केली. "जातो! पाय काढला की पुन्हा येतो!"

"अरे मग बेअरिंग कसलं, कपाळ माझं!" मिस्त्री बॉनेटखाली वाकले. धुराच्या गरम नळीवर पत्र्याचं एक आवरण असतं, त्यावर त्यांनी स्क्रूड्रायव्हरची मूठ दाबली. मग त्यांनी इंजिनाकडे न बघता बायकोच्या तोंडाकडे बघितलं. तिचा हात वर गेला.

"थांबला!"

त्यांनी मूठ काढली. "आला!" दाबली. "थांबला!" सुतार मध्ये उभा राहून एकदा मिस्त्रींकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. आवरणाचा एक बोल्ट गंजून पडला होता, बस्स, एवढंच दुखणं. मिस्त्रीणबाईने काउंटरवरून पट्टी आणि नवा बोल्ट आणला, मिस्त्रींनी आवळला, आणि राणी पूर्वीसारखी घुमायला लागली. सुताराने कवळी तोंडात बसवली, बॉनेटवर दोन थापा मारल्या आणि रडत रडत हसला. निघताना त्याने खिडकीतून विचारलं, "वहिनी, ते बेकरीवाल्याचं काय ठरलं?"

"बघते," ती म्हणाली, "आधी यांचे कान बघते."

पिकअप वळणापलीकडे गेली. मिस्त्री स्टुलावर बसले आणि फडक्याने हात पुसायला लागले. हात कधीच स्वच्छ झाले होते. ती त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसली.

"का नाही सांगितलंत?"

"बहिऱ्या मिस्त्रीकडे गाडी कोण आणेल?" ते म्हणाले. "माणसाचं तोंड जवळ असलं की कळतं मला. इंजिनाचं आता कळत नाही. आज सुताराची राणी मी भंगारात घालत होतो."

"अहो, पण मला? मला का नाही सांगितलंत? मला वाटलं, तुम्हाला माझा वीट आलाय."

मिस्त्रींनी फडकं मांडीवर ठेवलं.

"बॅग दिसली मला," ते म्हणाले. "कान गेले तरी डोळे शाबूत आहेत. रात्रभर झोप नाही. विचारणार होतो, कुठे चाललीस. पण तू जे काही सांगितलं असतंस ते मला ऐकू आलं नसतं, आणि मी आपला ‘हो हो, चांगलं आहे’ म्हणून बसलो असतो. मग तू गेलीच असतीस."

तिने त्यांचा खरखरीत हात आपल्या हातात घेतला आणि पदराने स्वतःचे डोळे पुसले. मग कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "उद्या कानाच्या डॉक्टरकडे जायचंय."

"हो हो, चांगलं आहे."

"ऐकू आलं का?"

"आलं म्हणून तर म्हणालो," मिस्त्री म्हणाले. आणि दोघंही हसली.

संध्याकाळी घरी आल्यावर तिने कपडे परत कपाटात लावले. रिकामी बॅग हातात घेऊन ती बाहेरच्या खोलीत आली. मिस्त्री पाठमोरे बसून पेपर वाचत होते.

"अहो, एवढी वर ठेवून द्या ना, माझा हात पुरत नाही."

पेपरचं पान उलटलं. ती सवयीने चिडणार होती. मग वळसा घालून त्यांच्या समोर गेली, पेपर खाली केला आणि पुन्हा सांगितलं.