चहासुद्धा नको

शकु सोनोग्राफीला गेली आणि सोनोग्राफी न होताच परत आली, तीही दुसऱ्यांदा. पित्ताशयातले खडे तिला धड झोपू देत नव्हते, आणि सोनोग्राफी झाल्याशिवाय डॉक्टर ऑपरेशनची तारीख देत नव्हते.

"आता का परत पाठवलं?" समोरच्या दारातून रत्नप्रभानं विचारलं.

"चाय पियालंय म्हणान. माका काय ठावक? मशीनीतून चिठ्ठी येता, तेच्यार सगळा विंग्रजी. थयली पोरगी म्हणता, लिवलेला आसा, वाचूक नको?"

रत्नप्रभानं चिठ्ठी बघितली आणि तिचं टाळकं सटकलं. मुलुंडच्या त्या धर्मादाय रुग्णालयातल्या, तपासणीची वेळ आणि सूचना छापून देणाऱ्या मशीनचं मराठी तिनंच केलं होतं. जन्मभर भाषांतरं करून निवृत्त झालेली बाई. इंग्रजीत नुसतं पोट रिकामं ठेवायला सांगितलं होतं. पण आपल्याकडे रिकामं पोट म्हणजे चहा-बिस्किटावरचं पोट, हे ठाऊक असल्यामुळे तिनं पदरचं एक वाक्य जोडलं होतं: 'चहासुद्धा नको.' चिठ्ठीवर ते नव्हतं. मराठीचं एक अक्षर नव्हतं.

"चप्पल घाल," ती शकुला म्हणाली.

रुग्णालयाचे व्यवस्थापक देवव्रत यांनी दोघींना बसायला सांगितलं. रत्नप्रभा बसली नाही.

"मॅडम, तुमचं मराठी आमच्याकडे आलंच नसणार. आलं असतं तर दिसलं नसतं का?"

"म्हणजे मी काम केलंच नाही?"

"तसं मी म्हणत नाही." असं म्हणणारा माणूस नेमकं तसंच म्हणत असतो. "मशीनमध्ये तुमचं मराठी निघालं, तर उद्या सकाळची पहिली वेळ यांची. नाही निघालं, तर मग दिवाळीनंतर."

"चला मशीनपाशी," रत्नप्रभा म्हणाली. "सगळ्यांसमोर."

कॉम्प्युटर सांभाळणारा हर्षद, डोक्यावर टक्कल आणि खांद्यावर बॅग, अशा थाटात आला. त्यानं मशीनला कीबोर्ड जोडला आणि काळा पडदा उघडला. या कामाची एक कमांड असते. तिला मूळ इंग्रजी वाक्य द्यायचं, ती त्याचं मराठी शोधून पडद्यावर आणते. नाहीच सापडलं, तर तेच इंग्रजी वाक्य मुकाट परत करते. चुकलं म्हणत नाही, दिलगिरी नाही. सरकारी खिडकीत उभा जन्म काढल्यासारखी.

हर्षदनं वाक्य दिलं. इंग्रजीच परत आलं.

"बघा," देवव्रत म्हणाले. फार गोड म्हणाले.

"काय बघा? हर्षद, कुठल्या भाषेत हवंय ते सांगितलंस का तिला? माझं काम तपासताना मी दर वेळी सांगायचे. ओळीच्या सुरुवातीला 'भाषा मराठी' असं टाक आधी. मग विचार."

त्यानं टाकलं. एंटर दाबलं. काळ्या पडद्यावर ओळ उमटली: 'पोट रिकामं ठेवा. चहासुद्धा नको.'

"आयला, मराठी येतं याला!" रांगेतलं कुणीतरी ओरडलं.

"येतं ना! आत व्यवस्थित येतं!" रत्नप्रभाचा आवाज पार औषधाच्या खिडकीपर्यंत गेला. "आणि बाहेर माणसं चहा पिऊन येतात, शिव्या खाऊन जातात! कोंडलं कुणी ते?"

हर्षदनं मशीन सुरू होताना वाचते ती फाइल उघडली आणि मान खाली घातली. "सर, यात लिहिलंय… तारीख सत्तावीस फेब्रुवारी असेल तर मराठी. बाकी वर्षभर इंग्रजी."

मराठी भाषा गौरव दिन! त्या दिवशी मशीनला हार घातला होता, फोटो काढला होता. रत्नप्रभाच्या हातात नारळ दिला होता. तो तिनं खोबरं किसून खाल्लाही होता, याचा तिला आता अधिकच संताप आला.

"बदल ते. आत्ता."

"भाषेला वरून मंजुरी लागते," देवव्रत म्हणाले. "पुढच्या बैठकीत विषय ठेवू."

"आणि तारखेला?"

"तारखेला कसली मंजुरी, काकू?" हर्षद बोलून गेला, आणि काय बोललो ते मग त्याला कळलं.

"मग तारीख बदल."

हर्षदनं साहेबांकडे बघायचं शिताफीनं टाळलं, तारीख बदलली आणि मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. बाहेर आकाशकंदील लागलेले असताना मुलुंडात सत्तावीस फेब्रुवारी उजाडला.

शकुनं बटण दाबलं. चिठ्ठी निघाली.

"गे रत्ना! अठ्ठावीस फेब्रुवारी? तोपर्यंत मी जिती ऱ्हवतलंय काय?"

"उद्या गं. इथे उद्याच अठ्ठावीस आहे."

मागच्या माणसाच्या हातात चिठ्ठी पडली. "ओ साहेब, माझा एक्स-रे मार्चमध्ये?"

"मॅडम, काय चालवलंय हे!" देवव्रतांचा गोडवा संपला. "लोक गोंधळतील!"

"इतके दिवस गोंधळत नव्हते वाटतं? मंजुरी येईपर्यंत इथे फेब्रुवारी. विषय ठेवा बैठकीत."

तिसऱ्या माणसानं आवाज चढवला तेव्हा देवव्रत फोन घेऊन कोपऱ्यात गेले. जो विषय बैठकीशिवाय हलत नव्हता, तो फोन ठेवायच्या आत मंजूर झाला. हर्षदनं फाइलमधली अट पुसली, खरी तारीख परत लावली, आणि शकुला नवी चिठ्ठी मिळाली. उद्याची सकाळ, पहिली वेळ.

शकुनं चष्मा चढवला आणि अक्षर अक्षर लावत स्वतः वाचलं. मग भडकली.

"चाय पण नको? ह्या कोणी लिवल्यान? मेल्याक घरात कोण चाय देणा नाय काय?"

"आज चालतो," म्हणत रत्नप्रभानं विषय बदलला आणि तिला समोरच्या चहाच्या टपरीकडे ओढलं.